सातव्या भागातलं घोरणं

१

वसंतराव फणस्यांच्या घरात चोरी झाली होती, आणि घरातला एक चमचासुद्धा जागचा हलला नव्हता.

"रजनीताई, आत्ताच्या आत्ता या," एवढंच ते फोनवर बोलले. उज्जैनच्या नानाखेड्यात फणस्यांच्या आणि सबनिसांच्या घरात दोन गल्ल्यांचं अंतर. रजनी सबनीस पोचल्या तेव्हा वसंतराव पायरीवरच उभे होते. बायको कुसुम गेली तेव्हासुद्धा ज्यांच्या सदऱ्याची इस्त्री मोडली नव्हती, त्यांची बटणं आज भलत्याच काजांत होती. रजनीताईंची हयात बँकेच्या तपासणी विभागात गेलेली. माणूस दिसला की त्याची एक बाजू जमेची आणि एक नावेची मांडायची खोड निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. वसंतरावांच्या जमेला त्यांनी केव्हाच लिहून ठेवलं होतं: कुसुमची सेवा. नावेला: समोरच्याचं ऐकून न घेणं.

"इंदूरच्या भाच्यानं पाठवलंय," वसंतरावांनी फोन पुढे केला. "विचारतो, मामा, हा आवाज तुमचाच ना?"

पडद्यावर एक टीव्ही होता, जरा तिरका, खालून घेतलेला. टीव्हीत एक जुनी मराठी विनोदी मालिका चाललेली. खोलीत माणसं खदखदून हसत होती. अगदी जवळ कुणीतरी घोरत होतं. वर कुणीतरी मथळा दिला होता: 'घोरणारा प्रेक्षक'. खाली अनोळखी लोकांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आणणारे चेहरे लावले होते. एका इंदुरी पठ्ठ्यानं लिहिलं होतं, 'टायमिंग बघा, भिया!'

आणि त्या सगळ्या गोंधळात एक दबका आवाज. ओळखणाऱ्यालाच ओळखू यावा असा.

"अक्का, डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत. फार तर. तिला कावीळच म्हणायचं. काही झालं तरी कळू द्यायचं नाही."

रजनीताईंना त्यापुढचं काही ऐकूच आलं नाही.

"आयुष्यात एक काम मी नीट केलं," वसंतराव म्हणाले. "शेवटपर्यंत तिला कळू दिलं नाही. कावीळ उतरायची वाट बघत गेली ती, शांतपणे. तेवढ्यावर मी जगतोय. आणि आता हे चव्हाट्यावर! लोक हसतायत त्याच्यावर."

"कुणी केलं असेल?"

"असेल काय? आल्हादनं! दुसरं कोण? त्याचा फोन दर रविवारी तिच्या उशाशी चार्जिंगला असायचा. हा कोन बघा, उशाचाच आहे. उद्या सकाळी मी सायबरवाल्यांकडे तक्रार देतो. बँकेत लागलाय ना? पोलिस तपासणी बाकी आहे त्याची. होऊन जाऊ दे."

आल्हाद दिघे म्हणजे मागच्या गल्लीतला मुलगा. तीन परीक्षा हुकल्यावर चौथीत लागलेला. अशा नोकरीच्या तोंडावर पोलिसांत एक तक्रार म्हणजे काय, हे रजनीताईंइतकं गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

"आजचा दिवस मला द्या," त्या म्हणाल्या.

"द्यायला काय! पण उद्या मी थांबणार नाही."

२

त्या मालिकेचं नाव 'पाहुणे उद्या जातील'. पाहुणे येतात, दर भागाच्या शेवटी बॅगा बांधतात आणि काही ना काही निमित्त निघून राहतातच, एवढीच गोष्ट. त्यात तात्या नावाचा एक वस्ताद पाहुणा होता. गाडीच्या वेळेचा विषय निघाला की तात्या बसल्या जागी डोळे मिटून घोरायला लागायचा. विषय बदलला की टक्क जागा. ती मालिका दाखवणाऱ्यांनी नंतर त्याच टेपांवर दुसरं काहीतरी भरून टाकलं आणि ती जगातून पुसली गेली. उरली ती फक्त कुसुमकडे. तिची पुण्याची बहीण दर आठवड्याला व्हिडिओवर उतरवून घ्यायची आणि उज्जैनला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती कॅसेट धाडायची. मग फणस्यांच्या दिवाणखान्यात मराठी मंडळींची सतरंजी पडायची. पोहे, वर रतलामी शेव, आणि तात्या.

कुसुम आजारी पडली तेव्हा वसंतरावांनी आल्हादकडून त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या आणि रविवार पुन्हा सुरू केले. तिची खाट दिवाणखान्यात आणली. दर रविवारी एक भाग. पण फाइल मात्र घराबाहेर द्यायची नाही, असा त्यांचा हुकूम.

रजनीताई आधी शेजारच्या अक्का रिसबुडांकडे गेल्या. अक्का वयानं सगळ्यांत थोरल्या, कानानं अजून तिखट. त्या वाटाणे सोलत होत्या.

"माझ्यावर शक घेऊन आलीस काय गं?"

"सगळ्यांवरच घेतेय, अक्का."

"मग बस आणि सोलायला लाग. फुकटची चौकशी नको." अक्कांनी सूप पुढे सरकवलं. "मला फोनात फक्त सकाळचा गणपती पाठवता येतो. तोही दोनदा जातो."

"ते बोलणं झालं तेव्हा कोण कुठं होतं?"

"वसंता आणि मी खाटेपाशी. अपर्णा स्वयंपाकघरात. आल्हाद आमच्यासाठी कुल्फी आणायला निघाला होता, दारातच. कुसुम झोपलेली. औषधांनी झोपच असायची तिला, घोरणं तर बिलकुल इंजिन! मी म्हणायचे, तात्या बरा."

"उशाशी काय काय असायचं?"

"सगळा बाजार. औषधं, तांब्या, तिचा देवाची गाणी लावायचा फोन, तो टेकवायची घोडी, त्या आल्हादचा फोन. खोलीत चार्जिंगचं बटण तेवढं एकच ना." अक्का थांबल्या. वाटाण्याची शेंग तशीच हातात राहिली. "रजनी, एक सांगू? वसंतानं ते सांगितलं ना, तेव्हा मी म्हटलं होतं, अरे, सांग तिला. तिचं मरण आहे, तिला कळू दे. तर माझ्यावरच उखडला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पुढचे सगळे रविवार येऊन तिच्याशी कावीळ-कावीळ खेळले."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खेकसल्या, "नीट सोल. किडका टाकलास त्यात."

३

अपर्णा वसंतरावांची पुतणी. फ्रीगंजमध्ये एका विमा कार्यालयात कामाला. रजनीताईंना पाहताच तिनं उघडं असलेलं पान झटकन मिटलं. रजनीताईंनी तेही टिपलं.

"काय मिटलंस?"

"काही नाही, मावशी. कामाचं."

"कामाचं असतं तर उघडं ठेवलं असतंस."

अपर्णानं ओठ चावला आणि पान पुन्हा उघडलं. त्या मालिकेच्या चाहत्यांचा एक मोठा गट होता. कोण ठाण्याचा, कोण टोरांटोचा, सगळे हरवलेल्या भागांच्या शोधात. गेल्या वर्षी अपर्णानं तिथं लिहिलं होतं: आमच्या घरी सगळे भाग आहेत.

"म्हणजे चोराला पत्ता तूच दिलास."

"मी फक्त बढाई मारली, मावशी! काकांना विचारलं होतं, टाकू का म्हणून. ते म्हणाले, आमच्या रविवारात गावाला कशाला बसवायचं? मी गप्प बसले. आणि माझ्याकडे फाइल होतीच कुठं?"

"मग लोकांना मिळाली कशी?"

अपर्णा पुढे सरकली. समजावून सांगायची तिची हौस भीतीपेक्षा मोठी होती. "एक प्रोग्रॅम असतो. आपण आपलं एक फोल्डर उघडं ठेवायचं. त्यात जे काही असेल ते दुसऱ्यांना उतरवून घेता येतं, आणि दुसऱ्यांचं आपल्याला. म्हणजे ओटीवर सामान मांडून ठेवल्यासारखं. पुष्कळांना कळतच नाही की आपण घरातलं काय काय ओटीवर ठेवलंय. तशा एकाच्या फोल्डरमध्ये कुणाला तरी हे भाग सापडले. मग काय, गटात दिवाळी! टीव्हीवरून फोननं काढलेले, तिरके, तरी लोक तुटून पडले."

"देणारा कोण?"

"खोटं नाव. 'उद्या जातो'."

"मग संपलंच."

"नाही संपलं," अपर्णाचा आवाज उतरला. "नाव लपवता येतं, मावशी. पण वस्तू हातात देणाऱ्याचा हात दिसतोच. कुठून जोडलाय ते घेणाऱ्याच्या मशीनला कळतं. देशाचा झेंडासुद्धा दिसतो."

"कुठला झेंडा?"

अपर्णानं ते पान पुन्हा मिटलं.

"अपर्णा, त्या आल्हादची नोकरी जाईल."

"हॉलंडचा," ती पुटपुटली. "मी पहिल्याच दिवशी पाहिलं. बोलले नाही."

रजनीताईंच्या ओळखीचा हॉलंडमध्ये एकच माणूस होता: सुमीत. वसंतरावांचा एकुलता मुलगा. पण आईच्या आजारपणात सुमीत एकदाही उज्जैनला येऊ शकला नव्हता. नवी नोकरी, अडकलेला व्हिसा. आला तो थेट दहाव्याला.

मग इथं, कुसुमच्या उशाशी, फोन लावला कुणी? शेवटी आल्हादनंच लावून सुमीतला पाठवलं असेल, तर वसंतराव बरोबरच होते.

४

आल्हाद देवास गेटला मोबाइल दुरुस्तीच्या मित्राच्या दुकानात तोंड पाडून बसला होता.

"काका माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत, मावशी. सीधा पोलिस?" तो म्हणाला. "काकू गेल्यावर मी चार रात्री त्या घरात झोपलोय, ते एकटे पडतील म्हणून."

"सुमीतला तू काही पाठवलंस?"

"सुमीतदादाचा नंबरसुद्धा नाही माझ्याकडे. आणि पाठवायचंच असतं तर हे तिरकं कशाला पाठवू? मी कॅसेटवरून उतरवलेलं साफ चित्र होतं ना माझ्याजवळ!"

हे बोलणं रजनीताईंनी आल्हादच्या जमेला टाकलं. पण बोलण्यावर खातं बंद करायची त्यांना सवय नव्हती.

"ते बोलणं आहे तो सातवा भाग पूर्ण आहे का इथं? लोक फिरवतायत तो तुकडा नको. पहिल्यापासून शेवटापर्यंत."

आल्हादनं गटातून भाग उतरवला. दुकानाच्या मागच्या फळीआड दोघं एकाच इअरफोनचे दोन कान वाटून घेऊन बसले.

मालिकेचं गाणं. वसंतरावांचं खिंकाळल्यासारखं हसू. अक्कांचा टाळी मारायचा आवाज. जवळच कुसुमचं घोरणं, खरखरीत, वेडंवाकडं. मग स्वयंपाकघरातून अपर्णा काहीतरी ओरडली आणि आल्हादच्या फोनची सायकलच्या घंटीसारखी घंटी वाजली.

"थांब," रजनीताई म्हणाल्या. "ही घंटी कुठून आली?"

"दारातून. मी कुल्फीला निघालो होतो. फोन खिशात…" आल्हाद उभाच राहिला. "मावशी! फोन माझ्या खिशात होता!"

"बस खाली. आता तुझी नोकरी वाचली. पुढं ऐकू दे."

आल्हाद बसला. तो हसत होता. रजनीताई हसत नव्हत्या, कारण आता तो दबका आवाज येणार होता, आणि सकाळी त्या आवाजामुळे ऐकायचं राहून गेलेलं त्यांना ऐकायचं होतं.

"अक्का, डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत…"

घोरणं थांबलं.

टीव्हीत तात्या काहीतरी बोलत होता, कुणी हसत नव्हतं, अक्का हळू आवाजात वाद घालत होत्या, आणि उशाशी नुसती शांतता होती. श्वाससुद्धा नाही. मग वसंतरावांचा घाबरा आवाज, "कुसुम?"

आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. मघासारखं वेडंवाकडं नव्हे. एकसारखं, ठाय लयीत, शेवटी एक छोटी शिट्टी.

"बघा! इंजिन परत सुरू," रेकॉर्डिंगमधले वसंतराव म्हणाले आणि सुटल्यासारखे खिंकाळले. जगभरचे लोक इथंच हसत होते.

"मावशी," आल्हाद हळूच म्हणाला, "हे तर तात्यासारखं घोरणं आहे. हूबहू. ती शिट्टीसुद्धा."

"शेवटापर्यंत जाऊ दे," रजनीताई म्हणाल्या. त्यांचा स्वर त्यांनाच ओळखू आला नाही.

भाग संपला. निरोप झाले. अक्कांची काठी, अपर्णाच्या चपला, आल्हादचं "येतो, काका". वसंतराव सगळ्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी लांबून वाजली. खोलीत कुणी उरलं नाही. म्हणजे एकच माणूस उरलं.

घोरणं थांबलं. कुणीतरी नाक ओढलं. पडद्यावर आडवी बोटं आली, सलाइनच्या सुईच्या पट्ट्या चिकटवलेला हात, आणि चित्र काळं झालं.

५

सुमीतला फोन लावला तेव्हा रॉटरडॅममध्ये दुपार होती.

"हो, आईनंच पाठवले," तो म्हणाला. "दर रविवारी. व्हिडिओ कॉलला ती फोन घोडीवर लावायची ना, तसाच टीव्हीकडे फिरवून ठेवायची. म्हणायची, तू नाहीस तर तुझ्यासाठी एक जागा राखून ठेवते."

"आणि ते जगाला वाटायला तुला कुणी सांगितलं?"

"वाटले? मी कुणाला…" मग त्याच्या मागे कळा दाबल्याचे आवाज आले, बराच वेळ. "देवा! मावशी, मी जुनी गाणी उतरवायला एक प्रोग्रॅम घेतला होता. नाव गंमत म्हणून टाकलं. आईचं फोल्डर मी गाण्यांच्याच फोल्डरमध्ये… सगळं उघडं होतं. वर्षभर उघडं होतं!"

"त्यात बाबा काय बोलले ते तू ऐकलं नाहीस?"

"मी एकही भाग पूर्ण ऐकलेला नाही," सुमीत म्हणाला. "आई असताना वाटायचं, सुट्टीत निवांत बघू. ती गेल्यावर सुरू करायचो, तिचं घोरणं ऐकू आलं की बंद करायचो."

रजनीताईंनी डोळे मिटले. "सातव्याबरोबर तिनं काही लिहिलं होतं?"

"आधीच्या सगळ्यांबरोबर एकच असायचं, 'इकडची गंमत बघ.' सातव्यापासून बदललं. थांबा, वाचतो." त्यानं तो मजकूर उघडला. "'सुमीत, बाबांचं हसणं जपून ठेव. पुढे ते हसायचं विसरतील, तेव्हा ऐकव. आत्ता नको. मला झोप लागते, असंच त्यांना वाटू दे.' मावशी, मला वाटलं, आजारपणात माणूस लिहितं असं काहीतरी. तिला माहीत होतं?"

रजनीताईंनी फोन ठेवला. आयुष्यभर त्यांनी चुकलेला आकडा सापडला की त्याभोवती लाल वर्तुळ काढलं होतं. हे वर्तुळ काढलं तर आल्हाद सुटत होता. आणि एका माणसाच्या जमेला जी एकच गोष्ट होती, ती जात होती.

६

त्यांनी अर्धंच सांगायचं ठरवलं. सुमीतचं उघडं राहिलेलं फोल्डर, आल्हादच्या खिशातली घंटी. वसंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या नावेचा तो जुना आकडा आज नेमका खोटा ठरला.

"म्हणजे पोरगा निर्दोष," ते म्हणाले. "मी त्याची माफी मागेन. सुमीतचं गलतीनं झालं. ठीक आहे." मग त्यांनी मान वर केली. "पण सुमीतला पाठवलं कुणी?"

रजनीताईंनी पिशवीतला लॅपटॉप आणखी आत ढकलला.

"उशाशी फोन लावला कुणी, रजनीताई?"

"वसंतराव, आल्हाद सुटला. एवढं पुरे नाही का?"

"अक्कांना जमत नाही. अपर्णा आत होती." ते एकेक बोट मिटत गेले. शेवटचं बोट मिटलं नाही. "तिला फोनचं फक्त हिरवं बटण दाबता यायचं."

"तुम्हाला तसं वाटायचं."

"ती झोपलेली होती."

रजनीताईंनी लॅपटॉप उघडला. यापुढे बोलणं त्यांच्या ताकदीबाहेरचं होतं. सातवा भाग लावून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठीमागे हशा झाला, दबका आवाज आला, शांतता आली, आणि मग ते ठाय लयीतलं घोरणं. वसंतरावांनी तेवढंच पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"मी खिंकाळलो इथं," ते म्हणाले. "तिला घोरताना ऐकून मला इतकं हायसं वाटलं होतं."

"तिला तेच हवं होतं."

"यानंतर किती रविवार झाले असतील! मी तिला सांगायचो, उन्हाळ्यात ओंकारेश्वरला जाऊ. साडीचा रंग विचारायचो. ती सांगायचीसुद्धा. मोरपंखी म्हणाली होती." त्यांनी चष्मा काढला. "मला वाटत होतं, मी तिला सांभाळतोय. एकदा तरी रडलो असतो तिच्यापाशी. तिलाही रडता आलं असतं. एकाच खोलीत आम्ही दोघं, रजनीताई, आणि दोघं एकटे."

फाटक वाजलं. आल्हाद होता. अंगणापर्यंत आला आणि दारातून दिसणारी वसंतरावांची पाठ पाहून तिथंच थबकला. रजनीताईंनी त्याला हातानंच थांब म्हटलं.

"ते लोकांकडे गेलेलं परत नाही ना मागता येत?" वसंतरावांनी विचारलं.

"नाही. सुमीतनं त्याच्याकडचं बंद केलंय. पण ज्यांनी नेलं त्यांच्याकडे राहणार."

"राहू दे. हसू दे त्यांना. चांगलंच करायची ती तात्या." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

मग त्यांनी खुर्ची ओढली, जिथं कुसुमच्या खाटेचं उसं असायचं तिथं नेऊन ठेवली, आणि भाग शेवटाकडे नेला. निरोप झाले. पावलं बाहेर गेली. खोलीत ते एकसारखं घोरणं तेवढं राहिलं. वसंतराव अगदी जवळ वाकले, त्या दिवशी फाटकाशी न जाता जसं वाकायला हवं होतं तसे.

"कुसुम," ते म्हणाले, "जागी आहेस ना?"

फाटकाची कडी लांब कुठंतरी वाजली. घोरणं थांबलं, कुणीतरी नाक ओढलं, आणि बोटं पुढे आली.